कलावाओची दफनभूमी

पावसाळा सरला की आमच्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत कमरेएवढे गवत माजलेले असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दुसरी मिस्सा आटोपली म्हणजे दहा-बारा माणसे विळे, कोयते, फावडी आणि घमेली घेऊन तेथे जमतात. त्यांना कुणी पत्र पाठवीत नाही. त्यांची नावे सूचनाफलकावर लागत नाहीत. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मृतिदिनी, लोक मेणबत्त्या घेऊन येतील, त्याआधी जागा स्वच्छ झाली पाहिजे, एवढेच त्यांना ठाऊक असते. कुणी गवत कापतो, कुणी खचलेल्या कबरींवर माती ओढतो, कुणी क्रुसांना चुना लावतो. ज्यांचे कुणी उरलेले नाही अशा कबरींकडे ही मंडळी आधी वळतात, हे मी पहिल्याच वर्षी पाहिले होते. दुपारी कुणाच्या तरी घरून चहाची किटली येते, पाव येतात आणि सायंकाळच्या घंटेपर्यंत काम उरकते.

गतवर्षी मी सहज मोजले, तर त्यांत पन्नाशीच्या आतले दोघेच होते. पुढे पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एका तरुण इंजिनिअर सभासदाने सुचवले, "फादर, वर्षातून दोनदा कंत्राट देऊन टाकू. पावती मिळेल, हिशेब चोख राहील, आणि या वयात म्हाताऱ्यांना उन्हात वाकायला नको." सूचना वाईट नव्हती. तिच्यात वडीलधाऱ्यांविषयी कळवळाच होता, आणि मीही मान डोलावली. तेव्हा कोपऱ्यात बसलेले एस. टी. तून निवृत्त झालेले एक कंडक्टर एवढेच म्हणाले, "म्हणजे आमच्या आईच्या अंगावरचे गवत आता माणूस पैसे घेऊन काढणार, असेच ना?" कुणी उत्तर दिले नाही. विषय पुढील बैठकीवर ढकलण्यात आला. मला मात्र त्या रात्री प्रशांत महासागरातल्या एका दफनभूमीची आठवण झाली. सेमिनरीत असताना भोजनगृहात जेवणाच्या वेळी एखादे चरित्र मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत होती. तेथे ती प्रथम माझ्या कानांवर पडली. त्या वयात भात वाढून घेण्याकडे माझे लक्ष अधिक होते. पुढे वाचन वाढले, आणि संत डेमियनच्या चरित्रातील ज्या गोष्टीकडे आपण सहसा वळत नाही, तीच मला सर्वांत मोठी वाटू लागली. डेमियनने मेलेल्या माणसांचे काय केले, ही ती गोष्ट.

तत्पूर्वी थोडे मागे गेले पाहिजे. दयेच्या सात शारीरिक कृत्यांची यादी आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली असते. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, ही कृत्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात प्रभूने स्वतः सांगितली आहेत. पण तेथे ती सहाच आहेत. सातवे, मृतांना मूठमाती देण्याचे, ख्रिस्तसभेने तोबीतच्या पुस्तकातून घेतले. परदेशात बंदिवासात राहणारा तोबीत सणाच्या दिवशी पानावर बसलेला असताना, आपल्या जातीचा एक माणूस बाजारात मरून पडला आहे, अशी खबर येते. तो घास न घेता उठतो, ते प्रेत उचलून आणतो, आणि सूर्य मावळल्यावर स्वतः खड्डा खणून पुरतो. शेजारी त्याला हसतात. यापूर्वी याच कामापायी जीव वाचवून पळावे लागले होते, तरी या माणसाची खोड जात नाही, असे ते म्हणतात. बाकीच्या सहा कृत्यांत समोरचा माणूस निदान 'देव बरे करो' एवढे तरी म्हणू शकतो. सातव्यात तेही नाही.

चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टांशियस या लेखकाने हे भक्तीचे अखेरचे आणि सर्वांत मोठे कर्तव्य म्हटले आहे. त्याच शतकात ज्युलियन नावाचा एक सम्राट झाला. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या दैवतांकडे परतलेला हा मनुष्य आपल्या एका पुरोहिताला तक्रारीच्या सुरात लिहितो की, परक्यांविषयीची आस्था आणि मृतांच्या दफनाची काळजी यांमुळे या लोकांचा धर्म वाढला. विरोधकाच्या लेखणीतून आलेली ही साक्ष असल्याने तिचे मोल अधिक. रोमच्या भुयारी दफनभूमीत खणणाऱ्यांचा, 'फोसोर' मंडळींचा, एक वर्गच होता, आणि हातात कुदळ घेतलेल्या खणणाऱ्याचे चित्र तेथील भिंतीवर कुणीतरी आदराने रंगवून ठेवले होते. १४९८ मध्ये लिस्बनला राणी लेओनोरच्या आश्रयाने 'मिझेरिकॉर्दिया' हा बंधुसंघ स्थापन झाला. निराधारांची प्रेते खांद्यावर वाहून नेणे हे त्याच्या सभासदांनी पत्करलेल्या कामांपैकी एक. पुढे पोर्तुगीज जेथे जेथे गेले तेथे हा संघ गेला. गोव्यात आला, आपल्या वसईच्या कोटातही आला.

वसईच्या कोटाचा उल्लेख निघालाच आहे, तर फ्रान्सिस्कनांच्या भग्न चर्चमध्ये जाऊन जमिनीकडे एकदा पाहा. पायाखाली थडग्यांच्या शिळाच शिळा आहेत. त्यांवर सरदार घराण्यांची चिन्हे आणि पोर्तुगीज लेख कोरलेले आहेत. वेदीच्या जितके जवळ, तितका मान मोठा, असा त्या काळचा हिशेब. १८७६ साली गर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईवरचे आपले पुस्तक छापले. तोवर १७३९ च्या मराठी विजयाला सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली होती आणि त्या शिळांवरची घराणी केव्हाच निघून गेली होती. शिळा राहिल्या, शिळांवरची नावे राहिली, पण गवत काढायला माणूस राहिला नाही. आता कलावाओला जाऊ. तेथे याच्या नेमके उलटे घडले.

हवाई बेटांवर कुष्ठरोग पसरू लागल्यावर राजा पाचवा कामेहामेहा याने ३ जानेवारी १८६५ रोजी एका कायद्यावर सही केली. ज्याला हा रोग जडला असेल त्याला घरातून उचलून वेगळे ठेवावे, असे त्यात होते. जागा निवडली ती मोलोकाई बेटाच्या उत्तरेला समुद्रात शिरलेल्या एका जिभेसारख्या भूभागाची. तिन्ही बाजूंना खवळलेला समुद्र, आणि चौथ्या बाजूला दोन हजार फुटांवर उंचीचा सरळ तुटलेला कडा. तुरुंगाला भिंत बांधण्याची गरजच नव्हती. ६ जानेवारी १८६६ रोजी, आपण ज्या दिवशी तीन ज्ञानी राजांचा सण मानतो त्या दिवशी, पहिले बारा जण तेथे उतरवले गेले: नऊ पुरुष आणि तीन स्त्रिया. १९६९ साली सक्तीचा कायदा उठेपर्यंत सुमारे आठ हजार माणसे तेथे धाडली गेली. त्यांतील बहुसंख्य मूळचे हवाईयन होते. त्या भूभागावर शेकडो वर्षे राहत आलेल्या मूळ रहिवाशांनाही कालांतराने तेथून हलवण्यात आले, ही गोष्ट पुष्कळदा सांगायची राहून जाते.

डेमियनपूर्वी कलावाओत कायदा, धर्म, माणुसकी काहीच नव्हते, असे जुन्या चरित्रांत रंगवलेले असते. आमच्या भोजनगृहात वाचले गेले तेही तसेच होते. अलीकडच्या संशोधकांनी, विशेषतः रुग्णांनी हवाईयन भाषेत लिहिलेली पत्रे वाचणाऱ्यांनी, हे चित्र बरेच दुरुस्त केले आहे, आणि ती दुरुस्ती आपण मोकळ्या मनाने स्वीकारावी. पहिल्या बोटीनंतर काही महिन्यांतच, १८६६ मध्येच, पस्तीस प्रॉटेस्टंट रुग्णांनी एकत्र येऊन आपली मंडळी स्थापन केली होती. त्यांच्या चर्चचे नाव सिलोआमा. कॅथलिक रुग्णांनीही धर्मगुरू मागितला होता, आणि १८७२ मध्ये ब्रदर व्हिक्टोरिन बर्ट्रांड यांनी तेथे सेंट फिलोमिनाचे लहानसे लाकडी चर्च उभारले होते. स्वतःला रोग नसताना पतीबरोबर किंवा पत्नीबरोबर त्या कड्याखाली राहायला गेलेली माणसेही होती. त्यांना 'कोकुआ', म्हणजे साहाय्य करणारे, असे नाव होते. अंधारात एकच दिवा पेटला ही कथा ऐकायला गोड लागते, पण तेथे आधीपासून पुष्कळ लहान दिवे होते. तेल संपत आले होते, एवढेच.

१० मे १८७३ रोजी बिशप मेग्रे यांच्याबरोबर फादर डेमियन डी व्हुस्टर तेथे उतरले. बेल्जियमच्या त्रेमेलो गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता. चार धर्मगुरूंनी आळीपाळीने जावे असे ठरले होते. पहिली पाळी डेमियनची होती आणि ती कधी संपली नाही. राहायला घर नव्हते म्हणून पहिल्या काही रात्री त्यांनी चर्चजवळच्या एका झाडाखाली काढल्या. हे झाड आपल्या केवड्याच्या जातीचे. आमच्याकडील ओढ्याकाठचा केवडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या सावलीची, आणि त्या काट्यांचीही, कल्पना येईल.

त्या वेळी कलावाओत पेटी मिळायची ती ज्याच्यापाशी पैसे असतील त्याला. बाकीच्यांना घोंगडीत गुंडाळून उथळ खड्ड्यात ठेवले जाई. खणणारे हातही रोगग्रस्तच. बोटे झडलेल्या माणसाने कुदळ ती किती खोल मारावी? मग रात्री डुकरे आणि कुत्री येत. काय होत असेल ते अधिक लिहीत नाही. रोगी माणसाला मरणाचे भय नव्हते, ते त्याने केव्हाच पचवले होते. मरणानंतरच्या या विटंबनेचे होते.

डेमियन शेतकऱ्याच्या घरातले, हाताला सुतारकामाची सवय असलेले. त्यांनी स्वतः पेट्या करायला घेतल्या, आणि पुढील सोळा वर्षांत शेकडो केल्या. कबरी खणल्या, खोल खणल्या. चर्चशेजारची जागा कुंपण घालून बंद केली, म्हणजे जनावरे आत शिरू नयेत. हे सारे एकट्याने होण्यासारखे नव्हते, आणि एकट्याने करण्यात अर्थही नव्हता, हे त्यांना लवकरच कळले असावे. काही वर्षे अशी होती की वर्षाला शंभराहून अधिक माणसे जात. म्हणून त्यांनी रुग्णांचाच एक दफनसंघ उभा केला. जो आज चालू शकतो त्याने, जो काल गेला त्याची पेटी उचलायची. संघाच्या अंत्ययात्रेत ढोल असत, बासऱ्या असत. क्रूस पुढे, मागे वाद्ये, मागे खांदेकरी. आपण पुढच्या महिन्यात या पेटीत असू शकतो हे प्रत्येक खांदेकऱ्याला ठाऊक असे.

मृत्यूच्या वसाहतीत एवढा वाजतगाजत सोहळा कशासाठी, असा प्रश्न मला पूर्वी पडे. आता पडत नाही. ज्याला जिवंतपणी बंदरावर शेवटचा निरोप देताना आप्तांना हातही लावू दिला नाही, घरात ज्याचे नाव घेणे टाळले गेले, त्याच्यासाठी निदान एकदा तरी लोकांनी रस्त्यात उभे राहावे, कुणी तरी ढोल वाजवावा, यात वावगे काय? डेमियनच्या चर्चमध्येही हाच समजूतदारपणा दिसतो. रोगामुळे ज्यांना वारंवार थुंकावे लागे, त्यांना लाजेने मिस्सा टाळावी लागू नये म्हणून त्यांनी चर्चच्या फळ्यांच्या जमिनीला चौकोनी भोके पाडली होती. ही भोके आजही तेथे दाखवतात. मोठ्या चर्चमधील संगमरवरी वेद्या मी पाहिल्या आहेत. ही भोके मी केवळ छायाचित्रांत पाहिली, पण विसरलो नाही.

चर्च, धर्मगुरूचे घर आणि दफनभूमी हे मिळून एकच आवार, असे डेमियनने एका पत्रात लिहिले आहे. आपल्या आध्यात्मिक लेकरांच्या या बागेचा रात्रीचा राखणदार आपण एकटेच, आणि तेथे जपमाळ म्हणत फिरण्यात आपल्याला आनंद वाटतो, अशा आशयाचा मजकूर त्यात येतो. पत्रातला हा माणूस दुःखी वाटत नाही, हे विशेष. मात्र तो नेहमीच गोड बोलणारा होता असेही नाही. हट्टी होता, वरिष्ठांना आणि सरकारी आरोग्य मंडळाला त्याने सतत मागण्या करून जेरीस आणले. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे महिन्याभराने इंग्रजी कादंबरीकार स्टीव्हन्सन त्या वसाहतीत काही दिवस राहून आला, आणि पुढे १८९० मध्ये एका पाद्र्याने डेमियनवर केलेल्या निंदेला त्याने खुल्या पत्राने उत्तर दिले; त्यातही डेमियनचे हे दोष त्याने झाकले नाहीत. लाकूड, खिळे आणि घोंगड्या मागणाऱ्याचा स्वभाव गोड राहणे कठीण असते. असो.

१८८४ च्या अखेरीस उकळत्या पाण्याने पाय भाजला असता डेमियनना वेदना झाली नाही, आणि मग सारे उमगले. १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र आठवड्याच्या सोमवारी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते वारले. ज्या झाडाखाली पहिल्या रात्री काढल्या, त्याच झाडाखाली त्यांना पुरण्यात आले. पेटी रुग्णांनी वाहिली. त्यांच्या हाताखाली तीन वर्षे काम केलेले ब्रदर डटन त्यानंतरही चार दशके तेथेच राहिले आणि १९३१ साली गेल्यावर त्याच आवारात विसावले.

पुढे जे झाले त्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे, ते लिहितो. १९३६ साली बेल्जियम सरकारच्या विनंतीवरून डेमियनची कबर उघडण्यात आली आणि त्यांचे अवशेष जहाजाने मायदेशी नेण्यात आले. राजा तिसरा लिओपोल्ड स्वागताला उभा होता. आज ते लूव्हेन शहरातील चर्चमध्ये आहेत. आपल्या देशाच्या सुपुत्राचा गौरव व्हावा, हे समजण्यासारखे आहे. पण वसाहतीतील रुग्णांना हे रुचले नव्हते, आणि त्यांचे दुःख मला अधिक पटते. ज्याने आपल्या मढ्यांची राखण केली तो आपल्यातच पुरला आहे, एवढीच त्यांची मिळकत होती. तीही मोठ्या समारंभाने काढून नेण्यात आली. जून १९९५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ब्रसेल्स येथे डेमियनना 'धन्य' घोषित केले. त्यानंतर त्याच वर्षी त्यांच्या उजव्या हाताचे अवशेष कलावाओला परत आले आणि मूळच्या कबरीत ठेवले गेले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद दिले. हात परत आला. रंधा धरणारा, कुदळ धरणारा, पवित्र भाकर उचलणारा हात.

आता त्या हाताभोवतीच्या जागेविषयी. वसाहत हळूहळू भूभागाच्या पश्चिमेकडील कलाउपापा गावाकडे सरकली, कारण तेथे हवा कोरडी होती. कलावाओ ओस पडत गेले. १९४६ साली सल्फोन गटातील औषधे आली आणि रोग बरा होऊ लागला. गंमत पाहा: डेमियन कलावाओला उतरले त्याच १८७३ साली नॉर्वेत डॉ. हॅन्सेन यांना या रोगाचा जंतू सापडला होता; जंतूपासून औषधापर्यंत पोहोचायला सात दशके लागली आणि तेवढ्या काळात दफनभूमी भरत राहिली. तेथे गेलेल्या सुमारे आठ हजारांपैकी, ज्यांची कबर आज नावानिशी दाखवता येते अशी माणसे तेराशेच्या आसपास आहेत. बाकीची मातीत आहेत, पण नेमकी कोठे ते कुणालाच सांगता येत नाही. लाकडी क्रूस कुजले, वाळूतल्या कबरी समुद्राने नेल्या. कलावाओच्या दोन चर्चच्या परिसरात एक मोकळे माळरान आहे. त्या गवताखाली सुमारे दोन हजार माणसे असावीत असा अंदाज आहे. पाहणाऱ्याला दिसते ते केवळ हिरवे रान, मागे कडा आणि पुढे समुद्र.

कायदा उठल्यावरही पुष्कळ जुने रुग्ण तेथून गेले नाहीत. एवढी वर्षे ज्यांच्यात काढली त्यांना सोडून कोठे जायचे? १९८० मध्ये तो भूभाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. २००३ मध्ये रुग्ण, त्यांचे वंशज आणि मित्र यांनी मिळून 'का ओहाना ओ कलाउपापा' ही संस्था स्थापन केली. ओहाना म्हणजे कुटुंब. ही मंडळी जुनी कागदपत्रे, जहाजांच्या याद्या, चर्चच्या नोंदवह्या चाळून माणसांची नावे शोधतात, आणि शेकडो कुटुंबांना त्यांनी हरवलेल्या पणजोबांचा, पणजीचा ठाव सांगितला आहे. घरात ज्याचे नावच घेतले जात नसे असा पूर्वज होता, हे कित्येकांना तेव्हा प्रथम कळले. तेथे आलेल्या सर्वांची नावे एका स्मारकावर कोरावीत या त्यांच्या मागणीला ३० मार्च २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांच्या सहीने कायद्याची मान्यता मिळाली. डेमियननी ज्यांच्यासाठी पेट्या केल्या, त्यांच्यासाठी हे लोक नावे गोळा करीत आहेत. कामाचा प्रकार बदलला आहे, काम तेच आहे.

ही गोष्ट दूरची वाटत असेल, तर तिचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. डेमियनच्या मृत्यूने इंग्लंड हादरले. १८८९ मध्येच युवराजाच्या अध्यक्षतेखाली एक निधी उभा राहिला, आणि त्यातून १८९०-९१ मध्ये कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी एक आयोग हिंदुस्थानात पाठवण्यात आला. हा रोग समजला जातो तितका संसर्गजन्य नाही, सर्वांना सक्तीने डांबण्याची आवश्यकता नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. तरीही १८९८ साली येथे कायदा झालाच, आणि त्यान्वये निराधार कुष्ठरोग्याला वॉरंटाविना पकडून आश्रमात ठेवता येऊ लागले. पैसेवाला रोगी घरी राही, भिकारी रोगी पकडला जाई. हा कायदा भारताच्या संसदेने रद्द केला तो २०१६ साली. मुंबईत वडाळ्याचे ऍकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय याच काळात, १८९० मध्ये, सुरू झाले. आणि वरोऱ्याचे आनंदवन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले नसले तरी ऐकलेले आहे. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा आमटे गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांना दहन न करता आनंदवनाच्या मातीत पुरण्यात आले. जन्माने हिंदू असलेल्या माणसाने हा निर्णय का घेतला याचा तर्क करण्याचा अधिकार मला नाही. पण ज्यांच्याबरोबर आयुष्य काढले त्यांच्याच मातीत राहायचे, ही गोष्ट केवड्याखाली निजलेल्या डेमियनला लगेच कळली असती.

शेवटी एक कबुली द्यायची आहे. ती दिली नाही तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार राहत नाही.

पूर्वी मी एका दुसऱ्या धर्मग्रामात होतो. तेथे बांधकामावर काम करणारा झारखंडचा एक कॅथलिक तरुण पडून वारला. दिवस श्रावणातले, पाऊस कोसळत होता. बरोबरच्या चार मजुरांनी पेटी आणली, मी प्रार्थना म्हटली, कुंपणाच्या कडेला जागा दिली, आणि भिजलेल्या पायांनी घरी येऊन नोंदवहीत त्याचे नाव, वय, तारीख व्यवस्थित लिहिली. कबर कोठे, ते मात्र लिहिले नाही. तसा रकानाच नव्हता, अशी माझी मीच समजूत घातली. दोन पावसाळ्यांत लाकडी क्रूस गेला. आपल्याकडे जागा अपुरी, ठरावीक वर्षांनी कबर पुन्हा उघडावी लागते, हेही वाचकांना ठाऊक आहे. चौथ्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ आला. खिशात भावाचा फोटो होता आणि गावाकडून आणलेली, पुडीत बांधलेली मूठभर माती. मी त्याला कुंपणाच्या कडेने चालवत नेले. एका ठिकाणी थांबलो आणि बोट दाखवले. तो गुडघ्यांवर बसला, पुडी सोडली, माती पसरली, बराच वेळ बसून राहिला. ते बोट मी अंदाजाने दाखवले होते, हे त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. आजवर कुणालाच सांगितले नव्हते.

कलावाओच्या त्या हिरव्या माळरानाचे छायाचित्र पाहिले की मला तो पाठमोरा मुलगा दिसतो.

या वर्षी आमच्या दफनभूमीची एक वही केली आहे. कंत्राटाची सूचना आणणाऱ्या त्या इंजिनिअर तरुणाला मी आखणीचे काम सांगितले. तो टेप घेऊन आला, आणि निवृत्त कंडक्टर त्याच्याबरोबर कबरीमागून कबर सांगत हिंडले: ही अमक्याची, ही बोटीवरच्या खलाशाची, ही कॉलऱ्यात गेलेल्या पोराची, हिच्यावर नाव नाही पण आमचे वडील हिला बावडीवाल्या आजीची म्हणत. तरुणाने सारे आलेखाच्या कागदावर उतरवले. दोन रविवार गेले, अजून पश्चिमेकडील दोन रांगा राहिल्या आहेत. तिसऱ्या रविवारी तो आपल्या दोन मित्रांना घेऊन आला. त्यांपैकी एकाला विळा धरता येत नव्हता, तो त्याला तेथेच शिकवण्यात आला. कंत्राटाचा विषय पुढील बैठकीच्या पत्रिकेवर अद्याप आहे.